शुगर निघाली, पण स्ट्रिप्सचं काय?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

१० मार्च हा गर्भारपणातल्या मधुमेहाबद्दल जागृती करण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या सुमारास तपासणी शिबिरांच्या बातम्या येतात, व्यासपीठावरचे फोटो येतात. तपासणी व्हायलाच हवी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तिची पद्धतही सोपी ठेवली आहे. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, शुगर १४० किंवा त्याहून जास्त आली की निदान पक्कं. पोट रिकामं असण्याची अट नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून जीपने येणाऱ्या बाईला उपाशी या म्हणणं किती अवघड आहे, हे इथे कुणीतरी ध्यानात घेतलं, याचं मला कौतुक वाटतं.

माझं म्हणणं त्यापुढचं आहे. शुगर निघाली, फाइलवर लाल पेनाने लिहिलं गेलं. त्यानंतर बाळंत होईपर्यंत ती शुगर मोजायची कुठे आणि कुणाच्या पैशाने?

मी लॅब टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले. सध्या लेक बाळंतपणाला घरी आली आहे आणि तिलाही हे निदान झालं आहे. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला दिसतात.

तिला डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा बोट टोचून, रक्ताचा थेंब मीटरच्या स्ट्रिपवर (एकदाच वापरायच्या पट्टीवर) घेऊन शुगर मोजायला सांगितलं आहे: सकाळी उपाशीपोटी, मग नाश्ता आणि दोन्ही जेवणांनंतर. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने मोजली तर १४० च्या आत, दोन तासांनी मोजली तर १२० च्या आत. वेळ पहिला घास घेतला तिथून धरायची. लॅबमध्ये आम्ही “जेवण कधी झालं?” असं विचारायचो आणि बाया ताट उचलल्याची वेळ सांगायच्या. अर्धा तास तिथेच इकडचा तिकडे. आहार आणि चालणं यावर भागतंय, की गोळी किंवा इन्सुलिन लागणार, हे या आकड्यांवर ठरतं. महिन्यातून एकदा लॅबमध्ये जाऊन ते समजत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणीही इथे पुरेशी नाही, कारण गरोदरपणात रक्तपेशी लवकर बदलतात आणि जेवणानंतरची उसळी त्या सरासरीत बुडून जाते.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी असते. योजना चांगलीच आहे. पण मला भेटलेल्या काही जणींचा अनुभव सांगते, केंद्राचं नाव घेत नाही. सकाळी चहा-बिस्कीट घेऊन निघायचं, रांगेत बसायचं, एक वाजता बोट टोचलं जायचं. हा आकडा उपाशीपोटीचा नाही आणि जेवणानंतरचाही नाही. तरी तो कार्डावर चढतो आणि पुढच्या महिन्यात त्यावरून औषधाचं बोलणं होतं! बायांना डबा घेऊन यायला सांगा. आल्या आल्या जेवू द्या, पहिल्या घासाची वेळ कार्डावर लिहा आणि दोन तासांनी रक्त घ्या. तोवर वजन, बीपी, सोनोग्राफीची रांग उरकते. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

घरच्या मोजणीलाही कुणीतरी नीट शिकवावं लागतं. सध्या द्राक्षांचा हंगाम. परवा लेक घड निवडत बसली होती, वेळ झाली म्हणून तशीच उठली आणि बोट टोचलं. मीटरवर १७१. तिचा चेहराच उतरला, शेजारच्या काकू लगेच इन्सुलिनचं बोलू लागल्या. साबणाने हात धुवायला लावले, नीट कोरडे केले, दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचलं, तर १०८. बोटावरचा द्राक्षाचा रस मीटरने इमानदारीत मोजला होता. ही बाब मीटरच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांत लिहिलेली असते, पण ती अक्षरं वाचतं कोण? स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, एक्सपायरी बघायची, बोट पिळायचं नाही, हेही तसंच. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते मीटर विकणाऱ्यावर सोडून चालणार नाही.

आता खर्चाचं बघू. मीटर एकदाच घ्यायचा, तो कुणाकडून उसनाही मिळतो. स्ट्रिप रोज लागते. ब्रँडनुसार एका स्ट्रिपला साधारण पंधरा ते पंचवीस रुपये पडतात. चार वेळा म्हणजे दिवसाला साठ ते शंभर, महिन्याला दोन-तीन हजार. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटी कामाला असलेल्याच्या घरात हा आकडा कसा बसणार? मग बाई दोन दिवसांआड मोजते, नंतर आठवड्यातून एकदा, पुढे डबीच संपते.

मोजणी थांबली की अंदाज सुरू होतात, आणि अंदाजाला आपल्या घरांत तोटा नाही. सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा, डोहाळजेवणाला आलेली प्रत्येक जण एकेक पेढा भरवते. दुसरीकडे घाबरलेल्या मुली भात बंद, पोळी बंद करून काकडीवर राहतात. तेही वाईटच. उपाशी राहिलं की लघवीत कीटोन (शरीर चरबी जाळू लागल्याची खूण) उतरतात आणि पोटातल्या बाळाला पिठूळ अन्नही हवंच असतं, फक्त ते थोडं थोडं, दिवसभरात वाटून. नागलीची भाकरी शुगरला चालते म्हणून चार खाल्ल्या तर आकडा चढणारच. चतुर्थीच्या साबुदाणा खिचडीने लेकीचा आकडा कुठे गेला हे तिने स्वतः पाहिलं आणि उपवासाचा वाद आमच्या घरात एका संध्याकाळी मिटला. माझ्या सांगण्याने तो मिटला नव्हता. (मिसळीबरोबर दोन पाव आणि वर जिलेबी, या नाशिककर प्रकाराबद्दल मी काही बोलत नाही.)

म्हणून महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे मागणी आहे. निदान झालेल्या प्रत्येक गर्भवतीला बाळंतपणापर्यंत मीटर वापरायला द्यावा, झाल्यावर परत घ्यावा. स्ट्रिप्स आणि टोचणीच्या सुया मात्र लोहाच्या गोळ्यांसारख्या मोफत द्याव्यात. सगळ्यांना चार वेळा जमणार नसेल तर डॉक्टरांनी आठवड्यातले ठरावीक दिवस नेमून द्यावेत. इन्सुलिनवर असलेल्यांना कपात नको. कारखान्यांनीही जेवणानंतर हात धुऊन मोजायला दहा मिनिटं आणि एक स्वच्छ कोपरा द्यावा. आकडे आशाताईंनी वहीतून बघून डॉक्टरांना कळवले तर दर खेपेला बसभाडं खर्चून यावं लागणार नाही.

आणखी एक. बाळंतपणानंतर बहुतेकींची शुगर उतरते, म्हणून सगळे सुटलो म्हणतात. पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका अशा बायांना जास्त असतो, त्यासाठी सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी करायची असते. तेव्हा नेमका सव्वा महिना उलटलेला असतो, घरात डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर चालू असते, आणि आई आता पेशंट आहे हे कुणाच्या गावीही नसतं. बाळाचं सहा आठवड्यांचं लसीकरण मात्र कुणी चुकवत नाही. त्याच दिवशी, त्याच केंद्रात आईला ग्लुकोज प्यायला द्या आणि माता व बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या लसीशेजारी तिच्या चाचणीची तारीख आधीच लिहून ठेवा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
सिडको, नाशिक