सुटं पान कुठल्या जुजातलं?

मा. संपादक,

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात काही दिवस धर्मग्रंथांवरून वाद चालला आहे. एकजण कुराणातलं एक वाक्य देतो, दुसरा त्याला उत्तर म्हणून मनुस्मृतीतला एक श्लोक काढतो. अध्याय कुठला, भाषांतर कुणाचं, आधीची ओळ काय, हे कुणीच लिहीत नाही. मी मिरजेत बेचाळीस वर्षं बुकबाइंडिंग करतो. गळ्यात माळ आहे, वारी करतो. या वादात मला जे सांगायचं आहे ते माझ्या कामातून आलेलं आहे.

आमच्याकडे छापील तावाच्या घड्या घालून शिवायला जो भाग तयार होतो त्याला जुज म्हणतात. एकेक जुज शिवून पुस्तक उभं राहतं. जुजातून सुटलेलं पान हातात आलं, तर त्यावर काय छापलंय ते वाचता येतं, पण आकडा नसेल तर ते कुठलं हे सांगता येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर सांगलीहून लोक भिजलेली पुस्तकं पोत्यांतून घेऊन आले. नदीकडच्या वस्तीतले एक चाचा वडिलांचं कुराण घेऊन आले. शिवण सुटलेली, पानांचे वरचे काठ कुजून आकडे गेलेले. कोरे कागद घालून, पंख्याखाली सावलीत आठ दिवस पानं वाळवली. पण लावायची कशी? मला अरबीचं अक्षर येत नाही. तरुणपणी एका कुराणाच्या पुठ्ठ्यावर मी नाव उलट्या बाजूला छापून बसलो होतो, एवढं माझं अज्ञान.

चाचांनी ओळखीतल्या एका पोराला पाठवलं. एकोणीस वर्षांचा, हाफिज, म्हणजे संपूर्ण कुराण तोंडपाठ. त्याने हात-पाय धुऊन वजू केलं, मलाही हात धुवायला सांगितले. पानं जमिनीवर ठेवायची नाहीत, हे त्याला सांगावं लागलं नाही; मी पोथीही कधी जमिनीवर ठेवत नाही. पानावरचे दोन शब्द वाचायचा, डोळे मिटून पुढचं म्हणायचा आणि पान बरोबर त्या गठ्ठ्यात ठेवायचा. तीन दुपारींत ११४ सूरा, म्हणजे अध्याय, जागच्या जागी लागल्या. कुराणाचे तीस भाग असतात, आपण पारे म्हणतो. त्याला अरबीत जुज म्हणतात, हे त्यानेच सांगितलं. ज्या शब्दावर माझं पोट चाललं तो कुठून आला, हे मला साठीनंतर कळलं. ‘जुजबी माहिती’ म्हणतो आपण, तो जुजबीही त्याच घरातला.

मी त्याला एका पानाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, “काका, पाठ आहे. अर्थ सगळा येत नाही. त्यासाठी आलिमकडे, म्हणजे धर्माच्या जाणकाराकडे, जावं लागतं.” हे ऐकून मी गप्प झालो. हरिपाठ मी आठव्या वर्षापासून रोज म्हणतो. ‘त्रिगुण असार निर्गुण हें सार’ याचा अर्थ सांग म्हणालात तर आजही मी चार वाक्यांपुढे जाणार नाही. आपलाच ग्रंथ पन्नास वर्षं तोंडात घोळवून ही स्थिती. मग दुसऱ्याच्या ग्रंथातली एक ओळ मोबाईलवर आली की तिचा अर्थ आपल्याला लगेच कसा कळतो?

त्या हिवाळ्यात मी मराठी भाषांतर आणून कुराण वाचलं. थोरल्या भावाने विचारलं, आपल्या घरात हे कशाला? मी त्याला विनोबांचं सांगितलं; मोठेपणी अरबी शिकून त्यांनी मुळातून कुराण वाचलं आणि त्याचं सार काढलं. सतराव्या सूरेत ८५ वी आयत, म्हणजे वचन, आहे, की तुम्हांला ज्ञान थोडंच दिलेलं आहे. अठराव्या सूरेच्या शेवटी आलं की माझ्या प्रभूचे शब्द लिहायला समुद्राची शाई केली तरी शब्द संपण्याआधी समुद्र संपेल. मी उठून उभाच राहिलो. शंकराच्या शिवमहिम्न स्तोत्रात म्हणतोच की आपण, ‘असितगिरिसमं स्यात् कज्जलं सिन्धुपात्रे’. पर्वताएवढं काजळ, समुद्राची दौत, कल्पवृक्षाच्या फांदीची लेखणी, आणि शारदा सतत लिहीत राहिली तरी ईश्वराच्या गुणांचा पार लागत नाही.

धावत चाचांकडे गेलो, दोन्ही एकच आहे म्हणून. ते खुश झाले, पण म्हणाले, “तुमच्यात शंकराच्या गुणांची गोष्ट आहे, आमच्यात अल्लाच्या शब्दांची. अजून वाचा.” घरी येऊन पाहिलं, तर तिकडे समुद्र हीच शाई होती आणि इकडे समुद्र ही दौत. सारखेपणा बघून हरखताना मीही एक सुटंच पान हातात धरलं होतं.

लढाईच्या आयतीही वाचल्या. खुपल्या. चाचांनी आलिमसाहेबांकडे नेलं. त्या कुठल्या प्रसंगी आल्या हे त्यांनी दोन तास समजावलं. माझं पूर्ण समाधान झालं असं लिहिलं तर खोटं होईल. पण आपल्या ग्रंथांतल्या काही ओळींनी माझंही कधी समाधान झालेलं नाही. माझ्या आज्याला पंढरपुरात देवळाबाहेर, चोखोबांच्या समाधीपाशी थांबावं लागे. १९४७ साली साने गुरुजी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषणाला बसले तेव्हा विठ्ठलाचं दार उघडलं. मनुस्मृतीतले श्लोक मला कुणी बाहेरच्याने दाखवायला नकोत, ते आमच्या अंगावरून गेलेले आहेत. तरीही त्या एका पानावरून माझी माळ कुणी मोजू लागला तर मला सहन होत नाही. चाचांना वेगळं काय वाटत असेल?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त मला एका कीर्तनकारांनी समजावून दिलं. सृष्टी कुठून झाली हे परम आकाशातून पाहणारा जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल, असा त्याचा शेवट आहे. ज्यांनी हे रचलं त्यांचा वारसा आपण सांगतो.

म्हणून संपादकांना एकच विनंती आहे. धर्मग्रंथातलं वचन देणारं पत्र आलं, तर अध्याय किंवा सूरा, ओवी किंवा आयतीचा आकडा आणि भाषांतरकाराचं नाव असल्याशिवाय ते छापू नये. तो ग्रंथ मानणाऱ्या कुणापाशी बसून वाचलं आहे का, हेही पत्रलेखकाला विचारावं. माझी मराठी भाषांतराची प्रत नवी शिवण घालून दुकानात ठेवली आहे, ज्ञानेश्वरीशेजारी. कुणाला वाचायची असेल तर दुपारी दोन ते पाच या वेळात यावं. चाचा बहुतेक शुक्रवार सोडून तिथेच असतात.

आपला वाचक,
एक बुकबाइंडर, मिरज