क्रेडिट मिळवलं, आता ते घेणार कोण?

मा. संपादक,
सादर नमस्कार.

शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे एखादा कोर्स पुरा केल्यावर पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळवण्याबद्दलचा आपला कालचा लेख वाचला आणि रात्रभर तो डोक्यातून गेला नाही. त्यात अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या कॉलेज-पातळीच्या एपी परीक्षा आहेत, नवं शैक्षणिक धोरण आहे, मिळवलेली क्रेडिट जमा ठेवणारी क्रेडिट बँक आहे. पण मिळवलेलं क्रेडिट मुलांनी नेऊन द्यायचं कुणाला, हे कुठेच नाही.

माझ्या मुलीने अकरावीत एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन शिकवणीचा, पायथन या संगणक-भाषेचा बारा आठवड्यांचा कोर्स केला. शिकणं फुकट, परीक्षेचे हजार रुपये आम्ही भरले. शाळा, केमिस्ट्रीची ट्यूशन, जेवण आणि मग रात्री साडेदहाला ती व्हिडिओ लावून बसायची. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, आरती चाललेली, आणि ही गच्चीच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन असाइनमेंट पुरी करते आहे, हे मी पाहिलंय. परीक्षा रविवारी सकाळी नऊची. स्कूटरवरून तिला सोडलं आणि तीन तास फाटकाबाहेर उभी राहिले. ७८ गुण मिळाले.

यंदा ती इथे इंदुरातच एका महाविद्यालयात बी.एस्सी.ला लागली. पहिल्याच सेमिस्टरला पायथनचा पेपर. प्रमाणपत्र घेऊन आम्ही दोघी गेलो. खिडकीवरच्या बाबूंनी ते उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि परत सरकवलं. "ये तो स्कूल टाइम का है, मॅडम." विभागप्रमुखांनी बसायला सांगितलं, मुलीचं कौतुक केलं, पण तसं परिपत्रक आलेलं नाही म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही; परिपत्रकच नसेल तर ते तरी काय करणार? पण आज माझी मुलगी केवळ हजेरीसाठी वर्गात बसते आणि दोन वर्षांपूर्वी शिकलेलंच वहीत उतरवून घेते. हे बघून माझा जीव तुटतो.

अमेरिकेत तरी सगळं सरसकट मिळतं असं नाही. एपीला १ ते ५ गुण असतात. ३ वर क्रेडिट द्यायचं की ५ वरच, की द्यायचंच नाही, हे बहुतेक ठिकाणी कॉलेजच ठरवतं, काही राज्यांत सरकारी कॉलेजांसाठी राज्य ठरवतं. मात्र ते ठरवून जाहीर केलेलं असतं. परीक्षेची फी भरण्याआधी मुलाला ते बघता येतं. मिनेसोटात तर १९८५ पासून कायदाच आहे : शाळेतली मुलं कॉलेजात जाऊन शिकतात आणि फी राज्य भरतं. लेखात यायला हवं होतं ते हे.

आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात २०२३ पासून शाळाही धरल्या आहेत. ३० तास शिकलं की एक क्रेडिट, वर्षाला ४० क्रेडिट. मध्य प्रदेशाने तर २०२१ मध्येच नवं धोरण लागू केलं, तेव्हा आम्हा पालकांना खरोखर आनंद झाला होता. मग खिडकीपर्यंत ते का पोचत नाही? प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत एक पान छापावं : कुठला कोर्स, किती गुण, कुठल्या पेपरऐवजी. चालत नसेल तर चालत नाही म्हणून छापावं. अकरावीतल्या मुलीला ते आधी कळलं पाहिजे.

आणखी एक. लेखाखालच्या चौकटीत एकूण एक कॉलेज पुण्याचं आहे. आमच्या घरी आजेसासऱ्यांच्या काळापासून मराठी पेपर येतो आणि इंदुरात अशी घरं पुष्कळ आहेत. आमची मुलं इथेच शिकतात. खंडवा रोडवरच्या विद्यापीठात कुणाला तरी पाठवून, शाळेतलं क्रेडिट इथे धरतात का एवढं विचारून छापा. मी वाट पाहते आहे.

आपली,
एक आई,
सुदामा नगर, इंदूर