गच्चीवरचे सहा इंच पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला की गंगापूर धरणात किती दशलक्ष घनफूट पाणी उरले, याचा आकडा आपल्या दैनिकात वरचेवर येऊ लागतो आणि आम्ही नाशिककर तो हवामानाच्या अंदाजासारखा, म्हणजे आपल्या हाती काहीच नसल्यासारखा, वाचून पान उलटतो. त्या घनफुटांचा आपल्या घरातील नळाशी किती जवळचा संबंध आहे, हे मला एका लाकडी पट्टीने दाखवून दिले. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

इंदिरानगरमधील आमच्या चोवीस सदनिकांच्या इमारतीचा मी काही वर्षे सचिव होतो. रात्री भरून ठेवलेली गच्चीवरची टाकी सकाळी मोटार लावण्याआधीच उतरलेली असते, अशी वॉचमनची तक्रार होती आणि ती आम्ही बरेच महिने कानाआड केली. अखेर एका रात्री अकरा वाजता, निजानीज झाल्यावर, मी टाकीत पट्टी सोडून पातळी मोजली आणि पहाटे पाचला पुन्हा मोजली. फरक सहा इंचांचा निघाला. टाकी दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद आहे. म्हणजे ३० घनफूट, सुमारे ८५० लिटर पाणी, कोणी चूळसुद्धा भरली नसताना निघून गेले होते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी मानक आहे. त्या हिशेबाने हे सहा माणसांचे दिवसभराचे पाणी झाले.

पुढच्या रविवारी आम्ही घरोघरी फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग चिमूटभर टाकला. चार घरांत बटण न दाबताच रंग भांड्यात उतरला. आवाज नाही, थेंब नाही. म्हणून कोणाच्या लक्षातही आले नव्हते. वॉशर बदलायला प्लंबरला अर्धा दिवस पुरला, मनधरणीला मात्र पंधरवडा लागला. एका शेजाऱ्यांनी तर सरळच विचारले, ‘‘माझ्या बिलात याने काय फरक पडणार?’’ राग आला, पण त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमच्या इमारतीला एकच मीटर आहे आणि पाणीपट्टी चोवीस घरांत सारखी वाटली जाते. दोघे म्हातारे राहतात ते घर आणि जिथे रोज पाइप लावून गाडी धुतली जाते ते घर, दोघेही तेवढेच पैसे भरतात. अशा व्यवस्थेत ‘पाणी वाचवा’ ही पाटी जिन्यात लावणे मला तरी थट्टाच वाटते.

जगातील सुमारे ४०० कोटी लोकांना वर्षातून किमान एक महिना तीव्र पाणीटंचाई सोसावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहराने २०१८ मध्ये माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली, मर्यादेत राहणारी घरे नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी दाखवली आणि आधीच्या तीन वर्षांच्या तुलनेत शहराचा वापर जवळपास निम्म्यावर आणला. त्यांना पुढे पावसाने हात दिला हे खरे, परंतु पाऊस येईपर्यंत धरणे टिकली, त्यात घरांचा आकडा माहीत असण्याचाही वाटा होता.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला लागते, मग आमच्या बादलीने काय होणार? हा आक्षेप नाशिकमध्ये घेताना तरी जपून घ्यावा. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटाकडच्या ओझरच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हते, तेव्हा १९९० नंतर त्यांनी पाणीवापर संस्था काढल्या, एकरावर नव्हे तर घनमीटरवर पाणी घेण्याचे ठरवले आणि त्याच मोजलेल्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या केल्या. मोजून पाणी घेण्याचे हे तत्त्व पुढे २००५ च्या राज्य कायद्यातही आले. ज्यांच्याकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो, त्यांच्यातील काहींनी तीस वर्षांपूर्वीच मीटर स्वीकारला आणि आपण शहरातले सुशिक्षित अजून सरासरीत राहतो. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात धो धो कोसळते आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. त्यांच्यासमोर तर या सरासरीचे समर्थन करताच येणार नाही.

घरोघरी मीटर बसवणे सोपे आहे, असे मी म्हणणार नाही. जुन्या इमारतींत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांना गच्चीवरून वेगवेगळे पाइप उतरतात, त्यामुळे एका घराला तीन-तीन मीटर लागतात आणि खर्च ऐकून सभा संपते. नव्या इमारतींना परवानगी देताना मात्र प्रत्येक सदनिकेला एकच जोडणी आणि तिच्यावर मीटर, ही अट घालायला काय हरकत आहे? सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि शहर चहूबाजूंनी वाढते आहे. बांधून झाल्यावर भिंती फोडण्यापेक्षा आताच हे केलेले स्वस्त पडेल. आपल्या दैनिकासही एक विनंती आहे. धरणसाठ्याच्या आकड्याशेजारी शहराला त्या दिवशी किती पाणी सोडले आणि त्यातील किती पाण्याचे बिल होते, हेही छापावे.

आमच्या इमारतीत आतापर्यंत नऊ घरांनी मीटर बसवले आहेत. उरलेल्या पंधरांचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहे आणि तो शेजारी, ज्यांनी बिलाचा प्रश्न विचारला होता, त्या नवांमध्ये आहे.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव
इंदिरानगर, नाशिक