सरासरी वेग विचारू नकोस

सातारा

चि. विशालला अनेक आशीर्वाद.

दिवाळीला पुण्याहून सायकलवर येणार हे तू आईला सांगितलंस आणि मला नाही. विसरलास की टाळलंस, ते तुझं तुला ठाऊक. आईचं म्हणणं, पोराच्या डोक्यात हे खूळ मीच भरवलं. वास्तविक सायकल तुझी. तू नवी घेतलीस आणि ही जुनी इकडे पाठवून दिलीस. महिनाभर ती पडवीत उभी होती, मी बाहेर काढली, एवढाच काय तो माझा वाटा. पण हे घरात कोण ऐकतं!

येऊ नकोस असं मी लिहिणार नाही. पण "सकाळी पाचला निघतो, बाराला जेवायला घरी" असं तू आईला सांगून ठेवलंयस, त्याबद्दल बोलायचं आहे. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून कागद घेतला.

तुला वाटत असेल, सारी हयात एसटी चालवलेल्या माणसाला रस्त्याचं काय नवल. मलाही तसंच वाटायचं. पोवई नाक्यावरून वरच्या रस्त्यानं राजवाड्याकडे जाताना चढ आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. गाडीत असताना तिथं गर्दी दिसायची, रिक्षा दिसायच्या, चढ कधी दिसला नाही. बामणोलीची मुक्कामी गाडी घेऊन यवतेश्वरच्या घाटानं किती वेळा गेलो असेन. कुठल्या वळणाला समोरच्याला हॉर्न द्यायचा हे झोपेतही सांगेन. आणि सायकलवर पहिल्यांदा निघालो तर घाट लागायच्या आधी, समर्थ मंदिरापाशीच धाप लागली. शेजारून दप्तर पाठीला लावलेली एक पोरगी उभ्यानं पेडल मारत निघून गेली. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही, ते बरंच झालं.

गिअरचं तू मला शिकवलंस ते अर्धं बरोबर होतं. पुढे तीन, मागे आठ, म्हणजे २४ गिअर, हे ऐकून मी हसलो होतो; आम्ही पाचावर घाट काढले. नंतर कळलं की त्यातले निम्मे एकमेकांसारखेच आहेत, आणि पुढची मोठी प्लेट नि मागची मोठी प्लेट एकत्र लावली की चेन तिरकी होऊन कुरकुरते. ते राहू दे. मुख्य गोष्ट तू सांगितलीच नाहीस. चढाला लागल्यावर, पायात सगळा जोर असताना गिअर बदलायचा नाही. चढ दिसला की आधीच हलका करायचा, आणि बदलताना अर्धा फेरा पाय सैल सोडायचा. सायकलला क्लच नसतो, तो आपल्या पायात असतो. हे एकदा बसलं तेव्हापासून चेन पडलेली नाही. गुडघ्याचं दुखणंही गेलं, कारण जड गिअर रेटत बसणं बंद झालं. थोडी सीटही वर घेतली. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं तर पाय सरळ व्हायला हवा, एवढी. तुझी उंची जास्त, तरी तू सीट माझ्यापेक्षा खाली ठेवून चालवायचास. बघ एकदा तुझीही.

उताराचं मात्र माझं मला नव्यानं शिकावं लागलं, आणि हे तू नीट वाच, कारण तुझ्या वाटेत कात्रज आणि खंबाटकी दोन्ही आहेत. आमच्या वेळचा नियम होता, ज्या गिअरनं घाट चढलास त्याच गिअरनं उतर. गाडी इंजिन धरून ठेवतं, ब्रेकला काम कमी पडतं. सायकलला हे लागू नाही. पेडल थांबवलं तरी चाक मोकळं पळतं, गिअर कुठलाही असो. मग माणूस काय करतो, वरपासून खालपर्यंत ब्रेक दाबून धरतो. रबराचे ठोकळे रिमला घासत राहतात, रिम तापते, बोटं बधिर होतात. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात सोडायचा. सरळ पट्टीत थोडं जाऊ द्यायचं, परत पुढच्या वळणाआधी दाबायचा. जोर पुढच्या ब्रेकचा जास्त असतो, म्हणून त्याला घाबरून नुसता मागचा धरू नकोस; फक्त वाळू किंवा ओलं असेल तिथं पुढचा जपून. आणि अंग मागे घे.

वारा हा तिसरा मास्तर. माहुलीला जाताना उतार आहे, पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, आपण तर तयार झालो! कृष्णेच्या पुलावर ऐटीत उभा राहिलो. परतताना चढ, आणि वर पश्चिमेचा वारा तोंडावर. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. आपण पंधराच्या वेगानं जातोय आणि समोरून वारा पंधराचा, म्हणजे अंगाला तीसचा लागतो. आणि वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो. गाडी चालवताना हे मला डिझेलच्या हिशोबात दिसायचं, आता मांड्यांत दिसतं. म्हणून हल्ली आधी पश्चिमेला जातो, दमायचं ते सुरुवातीला दमतो. येताना वारा पाठीला आणि उतार खाली. दुपारचा वारा चुकवायला उजाडता उजाडता निघतो.

बाकी रोजचं चालूच असतं. माहुलीत शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, तुला लहानपणी दाखवली होती. त्या रस्त्यावर जी कुत्री माझ्या पोटरीमागे लागतात त्यांचा त्या घराण्याशी काही संबंध नसावा. पळवायला गेलं की ती जास्त पळतात. मी उतरतो, सायकल मध्ये धरतो, "हाड" म्हणतो, मग त्यांचा रस संपतो. पंक्चर बहुतेक सराट्यांचं. पाऊस सरला की रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात, म्हणून कडेच्या मातीत चाक घालायचं नाही. पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा दाखवला की ठिगळ लावून मोकळं व्हायचं नाही, टायरच्या आतून बोट फिरवून काटा तिथंच नाही ना ते बघायचं. एकदा नाही बघितलं, तर पोलीस परेड ग्राउंडपर्यंत पुन्हा बसली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. तू हायवेनं येणार आणि तुझ्या शेजारून एसटी, ट्रक, कंटेनर जाणार. मी त्या सीटवर बसलोय. तिथून काय दिसतं ते तुझ्या सायकलवाल्या मित्रांपैकी कुणाला माहीत नसेल.

बस अकरा-बारा मीटर लांब असते. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. पुढच्या दाराच्या मागे, डाव्या अंगाला सायकल आली की ती त्याला जवळजवळ दिसत नाही; आरसा असतो, पण तो एकाच वेळी सगळीकडे बघू शकत नाही. म्हणून स्टॉपला थांबलेली बस आणि फुटपाथ यांच्या फटीतून कधी पुढे जायचं नाही. कंडक्टरनं डबल बेल मारली की गाडी निघते, तू तिथं आहेस हे दोघांनाही माहीत नसतं. दुसरं, घाटाच्या वळणावर मोठ्या गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. पुढचं तोंड तुझ्यापासून लांब गेलं म्हणून तू निर्धास्त होशील आणि मागचा भाग तुझ्यावर येईल. वळणाच्या आतल्या बाजूला तू आणि शेजारी मोठी गाडी असेल तर मागे राहा, तिला जाऊ दे. तिसरं, मोठी गाडी वेगात शेजारून जाते तेव्हा तिचं तोंड आधी हवेनं बाहेर ढकलतं आणि लगेच मागून आत ओढतं. हँडल घट्ट धरायचं, पण हात ताठ करायचे नाहीत, आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर चालवायचं नाही. थोडी जागा बाहेर उरायला हवी.

आणि सायकलवाल्याची मला कुठली गोष्ट नको वाटायची, सांगू? डुलणं. सरळ रेषेत हळू जाणारा म्हातारा परवडला. मध्येच खड्डा चुकवायला फुटभर आत येणाऱ्याची भीती वाटते. खड्डा लांबून हेरायचा, हात दाखवायचा, मग हळूहळू सरकायचं. मागचा लाल दिवा दिवसाही लावायचा. हॉर्न वाजवला म्हणजे शिवी दिली असं नसतं. मी तर हॉर्न "आलोय रे बाबा" एवढंच सांगायला द्यायचो. आता उलटं झालंय. एसटी मागून येते, हॉर्न देते, आणि मला आवाजावरनं कळतं की ड्रायव्हर नवा आहे की मुरलेला.

ओळखीचे भेटतात तो भाग मात्र मजेचा आहे. राजवाड्यापाशी एकानं विचारलं, "ड्रायव्हरकाका, गाडी कुठं लावली?" पुलावर चढ संपवत होतो तर मागून स्कूटरवरचा म्हणतो, "डबल बेल!" माझ्याबरोबर कंडक्टर म्हणून राहिलेला एक जण आता भाजीला पिशवी घेऊन भेटतो, म्हणतो, सुट्टे आहेत का. एवढ्या वर्षांत रस्त्यावर मला कुणी नावानं हाक मारली नव्हती. काचेमागं होतो ना.

आता तुझ्या त्या अ‍ॅपबद्दल. तू मोबाईलमध्ये घालून दिलंस, मी कृतज्ञ आहे. पण रोज संध्याकाळी तुझा मेसेज येतो: आज सरासरी कमी का, सव्वीस मिनिटं कुठं थांबला होता, गेल्या आठवड्यापेक्षा खाली का. विशाल, मी नोकरीभर वेळेवर चालवलं. सुटायची वेळ, मधल्या स्टॉपची वेळ, पोचायची वेळ, उशीर झाला तर कारण लिहून द्या. घाटात धुकं असलं तरी कागदावर उशीर तो उशीर. निवृत्तीनंतर पहिल्यांदा असं झालंय की मी थांबलो तर कुणाला कारण द्यावं लागत नाही. बोगद्यापलीकडं डबेवाडीच्या रस्त्याला एक टपरी आहे, तिथं मी चहा घेतो आणि सज्जनगडाकडे बघत बसतो. ती सव्वीस मिनिटं. अ‍ॅप राहू दे, मी कुठं आहे ते आईला दिसतं, तिला बरं वाटतं. सरासरी तेवढी विचारू नकोस.

हेच तुझ्या दिवाळीच्या बेताला लाव. पुणे-सातारा ११० किलोमीटर धर. तुझी सरासरी १८ धरली, जी दोन घाटांत पडणारच, तरी नुसतं चालवणं सहा तासांच्या वर. पाचला निघून बाराला घरी म्हणजे चहा, पाणी, पंक्चर, मित्राच्या पायातला गोळा या सगळ्यांना मिळून तासभरही नाही. मग शिरवळला तुम्ही घड्याळ बघणार, खंबाटकीचा चढ भराभर उरकणार आणि उतारावर तो वेळ भरून काढणार. ड्रायव्हर लोकांचे अपघात चढावर होत नाहीत, उशीर भरून काढताना होतात. म्हणून आईला जेवायची वेळ सांगू नकोस. संध्याकाळपर्यंत येतो म्हण, तीही शांत राहील. कात्रजला जुन्या घाटानं ये. केळी आणि चिक्की खिशात ठेव, भूक लागायच्या आधी खा. एकदा पाय लटपटले की मग खाऊन लगेच उपयोग होत नाही. शिरवळला किंवा सुरूरला तुला वाटलं की पुरे, तर सायकल टेम्पोत टाकून ये, मी कुणाला सांगणार नाही.

साखर कारखाने तेव्हा सुरू झाले असतील, तर उसाच्या जोड ट्रॉल्या रस्त्यावर असतील. गाणी मोठ्यानं लागलेली असतात, त्याला तुझी घंटा ऐकू येणार नाही. मागच्या ट्रॉलीची शेपटी हलते, तिला ओलांडताना भरपूर जागा सोड, नाहीतर ओलांडूच नकोस.

मी लिंब फाट्यावर येऊन थांबतो. तुम्ही दमलेले असाल, पण तुझ्या मित्रांनी बारा मोटांची विहीर बघितलेली नसणार. शाहू महाराजांच्या काळातली, एकावेळी बारा मोटा चालायच्या. आत उतरलं की उन्हाळ्यातही गारवा असतो. तिथं अर्धा तास बसू, मग सगळे मिळून सावकाश घरी. माझ्यामुळं तुमची सरासरी पडेल, त्याला इलाज नाही.

तुझा
अण्णा

ता. क. येताना पुण्याहून या सायकलच्या दोन ट्यूब आण, ७०० च्या मापाच्या. इथं सव्वीसच्या मिळतात, त्या बसत नाहीत. वॉल्व जाडच बघ, मोटारसायकलसारखा. बारीक वॉल्वला आपल्या चौकातला पंप लागत नाही. आणि हवेचा काटा असलेला हातपंप मिळाला तर तोही. हिला ६० पीएसआय लागते, आठवड्यात बसून जाते, आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा तीसच्या वर भरायला घाबरतो. पैसे मी देईन.