वरच्या मजल्यावरची खोली घेण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या टॉवरांच्या जाहिराती दिसू लागतात. मोठी खिडकी, वरून दिसणारे शहर, जिम, अभ्यासिका, वायफाय हे सगळे त्यांत असते. लिफ्ट किती, जिने किती, पाणी कुठून येते, हे मात्र नसते. आम्ही अशा इमारतींच्या देखभालीचे काम करतो. उंचावरचे राहणे सुखाचे होणार की त्रासाचे, हे खोलीच्या सजावटीवर अवलंबून नाही. माणूस, पाणी आणि वीज त्या खोलीपर्यंत कशी पोहोचते, यावर ते अवलंबून आहे. पालक आणि मुले खोली बघायला जातात, पण ही बाजू न बघताच डिपॉझिट भरून येतात, म्हणून हे पत्र.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरेच चांगले आहे. एकाच जागेत शेकडो मुले राहत असल्यामुळे चोवीस तास माणूस दारावर ठेवणे, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन इमारतीतच असणे, कॉलेजजवळच्या महाग जमिनीवर राहायला मिळणे शक्य होते. सुट्या फ्लॅटमध्ये नळ गळू लागला तर घरमालकाला फोन करत बसावे लागते. इथे तक्रार नोंदवली की बहुधा त्याच दिवशी माणूस येतो. वर उजेड भरपूर मिळतो, वारा खेळतो, रस्त्याची धूळ कमी असते. रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीला पहारा असलेले दार आणि उजेड असलेला व्हरांडा मिळतो, आणि एवढ्या एका कारणासाठी टॉवर निवडणाऱ्या पालकांचे चुकते असे आम्हाला वाटत नाही. कार्डाने उघडणाऱ्या दारातून पुढच्याच्या मागोमाग कोणी अनोळखी माणूस आत येत नाही ना, एवढे मात्र बघायला हवे. दार कितीही भक्कम असले तरी ते धरून ठेवणारा हात भलता असू शकतो.

आता लिफ्ट. हिशेब करून बघा. वीस मजले, ४०० मुले, तेरा माणसांच्या दोन लिफ्ट. सकाळी लिफ्ट वर जाते आणि सात-आठ मजल्यांवर थांबत खाली येते. अशा एका फेरीला अडीच मिनिटे सहज लागतात. पाटीवर १३ लिहिलेले असले तरी पाठीवर सॅक असलेली मुले दहाच्या वर मावत नाहीत. म्हणजे पाच मिनिटांत एक लिफ्ट वीस जणांना उतरवते, दोन्ही मिळून चाळीस. सगळ्यांचे वर्ग एकाच वेळी भरत असतील आणि अर्ध्या तासात २०० जणांना उतरायचे असेल, तर दोन लिफ्ट २४० जणांना नेऊ शकतात, म्हणजे जेमतेम निभते. एक बंद पडली की १२० वर गाडी अडते आणि उरलेल्या ८० जणांना जिना धरावा लागतो. म्हणून ‘लिफ्ट किती’ एवढेच विचारून भागत नाही. ‘एक बंद असताना काय होते’ हे विचारा. एक लिफ्ट बंद राहण्याचे दिवस येतातच, कारण सर्व्हिसिंगसाठी ती थांबवावीच लागते. ते काम सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात होते की कंत्राटदाराच्या सोयीने, हेही विचारा.

यात एक खोच आहे. सकाळी उतरताना लिफ्ट वरच्या मजल्यांवरच भरते. मधल्या मजल्यांवर ती थांबते, दार उघडते, आत जागा नसते, दार मिटते. पाचव्या ते आठव्या मजल्यावरच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो. भरलेली लिफ्ट मधे न थांबवण्याची सोय कंट्रोलरमध्ये असते, पण पुष्कळ ठिकाणी ती चालू केलेलीच नसते. ती चालू केली तर भरलेली लिफ्ट मधल्या मजल्यांवर थांबत नाही, पण सगळ्यांचीच फेरी छोटी होते आणि पुढची रिकामी लिफ्ट लवकर मिळते.

लिफ्टचे बहुतेक बिघाड मोटरचे नसतात, दारांचे असतात. दार सरकते त्या खाचेत खडा, हेअरपिन, बाटलीचे झाकण अडकते आणि दार पूर्ण मिटत नाही. दार मिटल्याची खूण मिळेपर्यंत लिफ्ट हलत नाही. सामान चढवण्याच्या दिवशी मुले खुर्ची लावून दार धरून ठेवतात. दार बंद होऊ बघते, अडते, पुन्हा उघडते, आणि असे तासभर चालले की दाराची यंत्रणा बिघडते. त्या दिवशी एक लिफ्ट फक्त सामानासाठी ठेवावी, मजल्यांना वेळा वाटून द्याव्यात आणि लिफ्ट किल्लीने चालवणारा एक माणूस आत उभा करावा. एवढ्याने पुढच्या पंधरा दिवसांच्या निम्म्या तक्रारी येतच नाहीत. वीज गेल्यावर जनरेटरवर किती लिफ्ट चालतात हेही बघा. बहुतेक ठिकाणी एकच चालते. आत कोणी अडकले तर दार ओढून उघडायचा प्रयत्न करू नये. लिफ्टची पेटी हवाबंद नसते, त्यामुळे आत गुदमरायला होणार नाही. धोका असतो तो दोन मजल्यांच्या मधे बाहेर पडण्याच्या खटपटीत.

पाण्याचे गणित सोपे आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. टाकी गच्चीवर असेल तर सर्वांत वरच्या मजल्याला जेमतेम तीन-चार मीटरचा, म्हणजे ०.३ ते ०.४ बार दाब मिळतो. इतक्या कमी दाबावर शॉवर नुसता ठिबकतो आणि इन्स्टंट गिझर अनेकदा चालूच होत नाही. याच टाकीचे पाणी साठ मीटर खाली पोहोचेपर्यंत दाब सहा बार होतो आणि दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर खालच्या मजल्यांवर नळांचे वॉशर आणि लवचिक जोडनळ्या फुटतात. वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी वेगळा प्रेशर पंप आहे का आणि तो जनरेटरवर आहे का, हे विचारा. खोली बघायला जाल तेव्हा शॉवर पूर्ण उघडा आणि त्याच वेळी कमोडचा फ्लश दाबा. धार फारच बारीक झाली तर सकाळी आठ वाजता काय होईल याचा अंदाज तिथेच येतो.

लांब सुट्टीनंतरची एक गोष्ट फारच थोड्या मुलांना कोणी सांगते. खोली महिना-दोन महिने बंद राहिली की पाइपात पाणी साचून राहते. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हे जिवाणू वाढतात. शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर ते फुप्फुसात गेले तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून परत आल्यावर आधी खिडकी उघडा. शॉवरचे डोके बादलीत बुडवून, तुषार उडू न देता, गार आणि गरम दोन्ही पाणी पाचेक मिनिटे वाहू द्या. सुट्टीला निघताना बाथरूमच्या जाळीत दोन मग पाणी ओता. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण पन्नास मिलिमीटर पाणी असते आणि तेच गटाराची दुर्गंधी व झुरळे अडवते. ते आटले की महिनाभराने खोलीत पाऊल ठेववत नाही. वेट वाइप्स कमोडमध्ये टाकू नयेत, पाकिटावर काहीही लिहिलेले असो. ते विरघळत नाहीत. उभ्या पाइपाच्या तळाशी वळणावर त्यांचा बोळा बसतो आणि वरच्या वीस मजल्यांचे सांडपाणी पहिल्या मजल्यावरच्या मुलाच्या बाथरूममध्ये चढते. दोष कुणाचा आणि त्रास कुणाला!

आगीबद्दल आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते. अग्निशमन दलाच्या सर्वसाधारण शिड्या तीस मीटरच्या आसपास, म्हणजे नवव्या-दहाव्या मजल्यापर्यंत पोहोचतात. त्याच्या वर राहणाऱ्याचा जीव इमारतीच्या स्वतःच्या सोयींवर असतो. त्यात पहिली सोय जिना. एकमेकांपासून लांब असे दोन जिने हवेत आणि त्यांची दारे आपोआप मिटणारी, आग आणि धूर अडवणारी फायर डोअर हवीत. मुले वारा यावा म्हणून त्या दारांना विटा लावून ठेवतात. उंच इमारतीतला जिना धुराड्यासारखा काम करतो, आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक दार उघडे राहिले तरी वरचा जिना थोड्या मिनिटांत धुराने भरतो. जिन्यात पंख्याने हवेचा दाब वाढवून धूर बाहेर ठेवण्याची सोय असेल, तर अशा उघड्या दारांमुळे तो दाबही टिकत नाही.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेली आग चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सुरू झाली आणि बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून वर चढली. चोवीस मजल्यांना जिना एकच होता. ‘घरातच थांबा’ ही सूचना जवळपास दोन तास मागे घेतली गेली नाही. बहात्तर माणसे गेली. त्यानंतर १५ नोव्हेंबर २०१९ रोजी इंग्लंडमधल्याच बोल्टन शहरात खास विद्यार्थ्यांसाठीच्या एका सहा मजली इमारतीत आग अशीच बाहेरच्या आवरणावरून झपाट्याने पसरली. तिथे मुले वेळेत बाहेर पडली, म्हणून जीव वाचले. तेव्हा भिंतीबाहेरचे आवरण कशाचे आहे हे विचारायला संकोच करू नका. ‘आग लागली तर सगळ्यांनी उतरायचे की खोलीत थांबायचे’ हेही विचारा. दोन्ही पद्धती असतात, आणि आपल्या इमारतीत कोणती आहे हे अलार्म वाजल्यावर शोधून चालत नाही.

अलार्मचे दुखणे वेगळे. खोलीत धूर ओळखणारा डिटेक्टर असेल तर डिओडरंटचा फवारा, गरम पाण्याची वाफ, करपलेला टोस्ट यांनीही तो वाजतो. रात्री दोनदा-तीनदा फुकट उठावे लागले की मुले त्याला प्लास्टिकची पिशवी बांधतात किंवा अलार्म वाजला तरी कूस बदलून झोपतात. मुलांना दटावून यावर इलाज होत नाही. स्वयंपाकाच्या जागी उष्णता ओळखणारा डिटेक्टर लावावा लागतो. तो साधारण ५७-५८ अंशांना वाजतो, वाफेला फसत नाही. बाथरूमच्या दारालगतचा डिटेक्टर थोडा आत सरकवावा. व्यवस्थापनाने हे केले नसेल तर पिशवी बांधणाऱ्या मुलाइतकाच दोष त्यांचाही आहे. आणि ई-स्कूटरची बॅटरी खोलीत, त्यातही दाराजवळ, चार्ज करू नये. लिथियमची बॅटरी पेटली तर काही सेकंदांत ज्वाळा येतात आणि बाहेर पडायची वाट त्याच दारातून असते.

खोली निवडताना लिफ्टच्या भिंतीला लागून, जिन्याच्या दाराशेजारी, कचरा वरून खाली टाकायच्या नळीजवळ (शूटजवळ) किंवा पंपाच्या खोलीखाली असलेली खोली टाळा. डोक्यावरच्या खुर्चीचा आवाज स्लॅबमधून येतो, त्यावर कानात बोळे घालून फारसा उपयोग होत नाही. खुर्चीच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावल्या की तो थांबतो, आणि वरच्या मुलाला त्या आपणच नेऊन देणे भांडणापेक्षा स्वस्त पडते. वरच्या मजल्यांच्या खिडक्या सुरक्षिततेसाठी बहुधा दहा सेंटिमीटरच उघडतात. ते योग्यच आहे, पण हवा कमी येते. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेतून जवळपास दोन लिटर पाणी हवेत जाते. ते कपडे खोलीतच वाळवले तर आठवडाभरात कपाटामागे बुरशी दिसू लागते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा आणि एक्झॉस्ट पंखा बंद करू नका. बाल्कनीच्या कठड्यावर कुंडी, बाटली, मोबाइल, काहीही ठेवू नका. साठ मीटरवरून सुटलेली कुंडी खाली पोहोचताना ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगात असते.

वॉशिंग मशीन आणि इंटरनेट यांबद्दल थोडक्यात. ३०० मुलांना दहा मशीन पुरेशी वाटतात, आणि आठवड्यावर सारखी पसरली तर ती पुरतातही. पण निम्मी मुले रविवारीच कपडे काढतात. तासाला एक खेप धरली तर दुपार ते संध्याकाळ सहा तासांत साठ खेपा होतात, गरज दीडशेची असते. इंटरनेट दुपारी तपासून उपयोग नाही. रात्री नऊ ते अकरा या वेळात तपासा, आणि खोलीत केबलचा पॉइंट असेल तर परीक्षेच्या दिवसांत तोच वापरा.

आमचे मत विचाराल तर बहुतेक मुलांसाठी तिसरा ते पाचवा मजला बरा. एका मजल्याला अठरा-वीस पायऱ्या धरल्या तर लिफ्ट बंद असली तरी चढता येते, शिडी पोहोचते, पाण्याला दाब असतो. दम्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल, चाकाची खुर्ची असेल, तर याहूनही खाली. पंधराव्या मजल्याच्या वर खोली घ्यायचीच असेल तर तीन लिफ्ट आणि दोन जिने असल्याशिवाय घेऊ नये.

करारात दोन ओळी शोधा. एकाच करारावर चौघांच्या सह्या असतील तर एकजण मधेच सोडून गेल्यावर त्याचे भाडे बाकीच्या तिघांवर येते. प्रत्येकाचा करार वेगळा मागा. दुसरी ओळ दुरुस्तीची. लिफ्ट किंवा पाणी सलग अमुक दिवस बंद राहिल्यास भाड्यात सूट, हे लिहिलेले नसेल तर सही करण्याआधी लिहून घ्या. सामान आत नेण्यापूर्वी भिंती, गादी, नळ, काच यांचे तारखेसह फोटो काढून त्याच दिवशी कार्यालयाला ईमेल करा. डिपॉझिटमधून कपात होते ती अशाच जुन्या डागांसाठी.

व्यवस्थापनाकडे आमची मागणी छोटी आहे. तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक फलक लावावा. लिफ्टची शेवटची सर्व्हिसिंग, टाकीची शेवटची सफाई, अलार्मची शेवटची चाचणी आणि आगीची शेवटची कवायत, या चारही तारखा त्यावर खडूने का होईना लिहाव्यात. खोली बघायला येणाऱ्या पालकांनी वर जाण्याआधी तो फलक वाचावा. फलकच नसेल तर या चार तारखा कार्यालयात तोंडी विचाराव्यात.

आपले,
इमारत-देखभाल क्षेत्रात काम करणारे काही वाचक