गवंडी डॉक्टर आणि कपड्यांची दोरी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मुलाखतीची गंमत सांगितलीस. नव्या गेम कंपनीतल्या बाईंनी विचारलं, चित्रांतून जागा उभ्या करायची ही सवय कुठून लागली, आणि तू दोन-तीन मोठ्या चित्रकारांची नावं ठोकून मोकळी झालीस. "टीव्हीवरच्या अवकाशयानांच्या मालिका बघून, असं कसं सांगणार बाबा, हसल्या असत्या त्या." तुझी आई हसली, मीही हसलो. पण ते काही मनातून जाईना, म्हणून बँकेतून आल्यावर लिहायला बसलो. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, पत्रात ती सोय नाही.

सोलापुरातल्या आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी होता, हे तू शंभरदा ऐकलंयस, ते सोडून देऊ. त्यावर काय बघायचो ते मात्र मी तुला कधी धड सांगितलेलं नाही. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. अमेरिकेत ही मालिका १९६६ ते १९६९ एवढीच चालली, एकूण ७९ भाग. आमच्या चाळीपर्यंत पोचायला तिला जवळजवळ दीड तप लागलं. बघणारी आम्ही सगळी पोरं मराठी शाळेतली. इंग्रजी पाचवीला सुरू झालेलं, म्हणजे 'धिस इज अ पेन' एवढ्यावर गाडी. त्यातल्या अवकाशयानाचा कप्तान कर्क तोंड उघडायचा आणि आम्हाला एक अक्षर कळायचं नाही.

हे आमचं भाग्यच होतं, असं मला आता वाटतं. कळत नव्हतं म्हणून आम्ही प्रत्येक भागाची गोष्ट स्वतः रचायचो. टोकदार कानांचा स्पॉक आणि यानावरचा डॉक्टर सारखे एकमेकांना टोचून बोलायचे. ते साडू आहेत असं आम्ही ठरवून टाकलं होतं. कारण चाळीत साडूसाडू असंच बोलायचे. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे शर्टांचे रंगही आपले आपण. मी कर्कला निळा दिला होता, शेजारच्या खोलीतल्या पोरानं भगवा. पुढे रंगीत बघितलं तर शर्ट सोनेरी निघाला. नंतर वाचलं की कापड मुळात हिरवट होतं, कॅमेऱ्यात ते सोनेरी दिसायचं. म्हणजे तिकडेही एकमत नव्हतंच.

एक भाग मला अजून जसाच्या तसा आठवतो. जमिनीखाली खाण असते, बोगद्यांतून गोधडीसारखं काहीतरी सरपटत येतं आणि खाणीतल्या माणसांना मारतं. ती गोधडी म्हणजे रबरी पोशाखाखाली रांगणारा माणूस होता, हे आम्हाला दिसत होतं, पण त्यानं भीती कमी होत नव्हती. मग ती जखमी होते. डॉक्टर येतो आणि हातानं तिच्या अंगावर चिखलासारखं काहीतरी थापायला लागतो. आणि लाईट गेली.

पुढचा आठवडाभर चाळीत वाद. शेवट काय झाला? एकाचं म्हणणं, गोधडी मेली. दुसऱ्याचं, ती खाणीची राखण करणारी आहे, तिला नारळ द्यायला हवा होता. मी म्हणालो, हा खरा डॉक्टरच नव्हे, हा यानावरचा गवंडी आहे आणि ती गोधडी म्हणजे जिवंत भिंत. भिंत पडली की ती चिडते, लिंपली की शांत होते. जिन्यात बसून मी हे इतकं रंगवून सांगितलं की दोन दिवसांनी तीच गोष्ट मला दुसऱ्याच पोरानं 'खरी हकिकत' म्हणून ऐकवली.

तू कॉलेजात असताना आपण तो भाग सबटायटल लावून बघितला, आठवतंय? ती गोधडी म्हणजे आई निघाली. माणसं ज्यांना दगडाचे गोळे समजून फोडत होती, ती तिची अंडी होती. आणि डॉक्टर तिच्या जखमेत चक्क सिमेंट भरतो. त्याआधी वैतागून म्हणतो, मी डॉक्टर आहे, गवंडी नाही! मी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या आणि तुला वाटलं बाबाला काही झालं. खरी गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा चांगली आहे, हे मी मान्य करतो. साडूंच्या बाबतीत मात्र मी अजून माघार घेतलेली नाही.

आता तुझ्या मुलाखतीकडे. अशा वेळी लोक मे जेमिसनचं उदाहरण देतात. लहानपणी तिनं 'स्टार ट्रेक'मध्ये संदेशवहनाचं काम बघणारी उहुरा ही काळी अधिकारी बघितली, आणि सप्टेंबर १९९२ मध्ये ती स्वतः एंडेव्हर यानातून अवकाशात गेली. अवकाशात जाणारी पहिली आफ्रिकी-अमेरिकी स्त्री. कामाची पाळी सुरू करताना ती उहुराचंच वाक्य म्हणायची. पुढच्या वर्षी 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत तिनं छोटी भूमिकाही केली. सगळं खरं आहे आणि छान आहे. पण हे उदाहरण ऐकून आईबापांना वाटतं, मालिका दाखवली की पोर अंतराळवीर होणार. आमच्या चाळीतलं कोणी अवकाशात गेलं नाही. मी बँकेत चिकटलो. कर्कला भगवा शर्ट देणारा आज फ्लेक्सचं दुकान चालवतो आणि गणपतीत मंडळांचे हलते देखावे करतो. मोटर कुठे लपवायची, कापूस कुठे ढग होतो आणि कुठे बर्फ, हे त्याच्याइतकं मी कुणात बघितलेलं नाही. तुझ्या त्या बाईंना तो भेटायला हवा.

आपल्याकडचं मला आवडणारं उदाहरण वेगळं आहे. केंब्रिजला जयंत नारळीकरांचे गुरू होते फ्रेड हॉईल. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण त्यानं १९६१ मध्ये जॉन इलियटबरोबर बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' नावाची मालिका लिहिली. दूरच्या आकाशातून रेडिओ संदेश येतो, आणि त्यात एक संगणक बांधायच्या सूचना असतात. हॉईल विज्ञानकथाही लिहायचा. त्याचा शिष्य पुढे मराठीत विज्ञानकथा लिहू लागला आणि १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'ब्रह्मांड' ही मालिका घेऊन आला. गुरूला टीव्हीवरची गोष्ट कमीपणाची वाटली नाही, शिष्यालाही नाही. मग तुला का वाटावी?

माझ्या पसाऱ्याचं मूळही तिथेच आहे. तुझी आई ज्याला भंगार म्हणते तो पसारा. नेपथ्य करायला लागल्यावर मी या मालिका कशा बनवल्या ते हुडकून हुडकून वाचलं आणि जीव हरखला. 'स्टार ट्रेक'मध्ये दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसं चमचमत विरघळतात आणि खाली उमटतात ती युक्ती काढली. आपोआप सरकणारी दारं मागे उभी असलेली माणसं ओढायची; त्यांचं लक्ष नसलं की नट दारावर आपटायचे. अमेरिकेत पहिल्यांदा जो भाग लागला त्यात मिठासाठी जीव घेणारा प्राणी आहे. त्यासाठी चित्रविचित्र आकाराच्या मीठदाण्या आणल्या, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही मीठदाणी आहे हे प्रेक्षकाला ओळखूच येणार नाही. मग साध्या मीठदाण्या वापरल्या आणि त्या विचित्र मीठदाण्या झाल्या डॉक्टरची उपकरणं! आम्ही ज्याच्याकडे डोळे विस्फारून बघत होतो ती मीठदाणी होती.

तेव्हापासून मी कुठलीही वस्तू सरळ बघू शकत नाही. मागच्या बालनाट्यातलं यानाचं पॅनेल तू फोटोत बघितलंस. त्यात आजीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आहेत, चंदेरी बाजू आत आणि फुगे बाहेर, मागून पिवळा दिवा. मध्ये मिक्सरच्या भांड्याचं झाकण, कडेला सायकलचे लाल रिफ्लेक्टर. पहिल्या रांगेतल्या पोरांना गोळ्यांचं नाव वाचता येत होतं. पाचव्या रांगेपासून मागे मात्र ते यान होतं.

'डॉक्टर हू'चंही तेच, म्हणजे निळ्या खोक्याच्या यानातून काळात फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या माणसाची ती बीबीसीची मालिका. नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौला जन्मलेला, वय २४. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, वय २७. तुझ्याच वयाची पोरं! ते यान निघताना जो घरघर आवाज येतो तो ब्रायन हॉजसननं जुन्या पियानोच्या जाड तारांवर दाराची किल्ली घासून काढला, आणि मग टेपवर त्याचं काय काय केलं. मी तो प्रयोग तुटक्या बुलबुलतरंगावर करून बघितला. आपल्या खालचे काका वर आले होते विचारायला.

त्या मालिकेवर वाढलेल्या पोरांनीच पुढे ती चालवली, हे तुला ठाऊक आहे. २००५ मध्ये ती पुन्हा सुरू करणारा रसेल टी डेव्हिस लहानपणापासून तिचा वेडा. पीटर कपाल्डीनं पंधराव्या वर्षी 'रेडिओ टाइम्स'ला या मालिकेबद्दल पत्र लिहिलं, ते १९७४ मध्ये छापूनही आलं, आणि २०१३ मध्ये तो स्वतःच त्या मालिकेतला डॉक्टर झाला.

तू दुसरीत होतीस तेव्हा आपण ती बघायला लागलो. निळी खोकी, बाहेरून टेलिफोन बूथएवढी आणि आत केवढी तरी. पैसे वाचवायला ठेवलेला आकार तो, दर भागाला यानाचं नवं रूप कोण करणार. पण टीव्हीवर आतली एकच खोली दिसायची, आणि तुला त्याचा भयंकर राग. तू बँकेच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर बाकीच्या खोल्या काढायला बसलीस. स्वयंपाकघर झालं, देवघर झालं, आजीची खोली झाली, तिथून बाथरूमला जायला जवळचा रस्ता झाला. आणि मग मला विचारलंस, "बाबा, हे एवढी शेकडो वर्षं फिरतात, कपडे कुठे वाळत घालतात?" मला उत्तर आलं नाही. तू दोन खांब काढलेस, दोरी बांधलीस, आणि दोरीवर डॉक्टरचा लांब कोट टांगलास. खाली ठिपके काढलेस. पाणी निथळतंय म्हणून.

ते कॅलेंडर माझ्या कपाटात आहे. तुझ्या गेममधल्या त्या पडक्या स्टेशनाचं चित्र पाठवलं होतंस ना, त्यात कोपऱ्यात कुणाचा तरी डबा उघडा पडलाय आणि झाकणात चमचा आहे. कुणी सांगितलं होतं तुला तो काढायला? मी त्या स्टेशनावर विश्वास ठेवला तो त्या चमच्यामुळे. आमच्या चाळीत लाईट जायची म्हणून जागा रिकामी राहायची, तुझ्या वेळी कॅमेरा दारातून पुढे जायचा नाही म्हणून. आताच्या मालिकांत सगळं इतकं बारीक दाखवतात की मी तोंड वासून बघतो आणि रात्री त्यातलं काहीच घोळवत नाही. हा माझ्या वयाचाही दोष असेल. तुझ्या पिढीतलं कुणीतरी पोर त्यातही फट शोधून काढेल म्हणा.

त्या बाई पुन्हा भेटल्या तर खरं काय ते सांग. हसल्या तर हसू देत.

आता कामाचं. डिसेंबरात आमचं बालनाट्य आहे, लघुग्रहावरची शाळा. आपोआप उघडणारं दार हवंय. ओढायला दोन पोरं मिळालीत, पण त्यातलं एक जास्तच तत्पर आहे, त्याची फळी नेहमी आधी उघडते. दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ आणि वर्गाचा नकाशा करून दे. मुलांनी चपला कुठे काढायच्या ते तेवढं ठरव. लेखक म्हणतो, त्या तरंगत राहतील. लघुग्रहावर थोडं का होईना गुरुत्वाकर्षण असतंच, हे मी त्याला सांगून थकलो. आता तू सांग.

आईचे आशीर्वाद. लाडू वेगळे पाठवलेत.

तुझा,
बाबा