सीतेच्या तोंडचे प्रश्न परके नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपली शुद्धता सिद्ध करण्यासाठी दुसऱ्यांदा दिव्य करायला नकार देणारी सीता रंगवणाऱ्या एका महाविद्यालयीन एकांकिकेवर आक्षेप घेणारे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात प्रसिद्ध झाले. सीतामाईच्या तोंडी असले प्रश्न घालणे ही आपली परंपरा नव्हे, हे स्त्रीवादाचे बाहेरून आणलेले खूळ आहे, पुराणकथेत राजकारण घुसडणे आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. त्या एकांकिकेची तालीम मी दोनदा पाहिली आहे. नागपुरातल्या ज्या सभागृहात तिचा प्रयोग ठरला होता, त्याच्या व्यवस्थापनाने दोन दिवस आधी आरक्षण रद्द केले आणि मुलांनी कारण विचारल्यावर ‘लोकांना खपणार नाही’ एवढेच सांगितले. आयुष्यभर संस्कृत आणि मराठी शिकवल्यामुळे, त्या पत्राला आणि या उत्तराला जाहीर प्रत्युत्तर देणे मी माझे काम समजते.

परंपरेविषयी बोलायचे तर आपल्याच विदर्भापासून सुरुवात करावी लागेल. आठव्या शतकातला भवभूती आपल्या घराण्याचे गाव पद्मपूर असल्याचे सांगतो, आणि ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे पद्मपूर होय, असे नागपूरचेच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या प्रस्तावनेवरून कळते की ते कालप्रियनाथाच्या यात्रेत, म्हणजे देवाच्या उत्सवात, भाविकांपुढे झाले. या नाटकाच्या तिसऱ्या अंकात सीतेची सखी, वनदेवता वासंती, रामाला तोंडावर कठोर म्हणते. तुला यश प्रिय, पण याहून घोर अपयश कोणते, असे विचारते. हे अकार्य का केलेस, या तिच्या प्रश्नाला राम उत्तर देतो की लोक सहन करत नाहीत. का सहन करत नाहीत, असे तिने पुन्हा विचारल्यावर मात्र, ते काय ते लोकच जाणोत, यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. हा प्रवेश मी वर्गात कितीतरी वेळा शिकवला, पण सभागृहाचे उत्तर कानी आले त्या दिवशी तो मला नव्याने कळला. हे लोक कोण, त्यांनी काय पाहिले, त्यांना नेमके काय खुपले, हे कोणीच सांगत नाही, आणि तेवढ्यावर सीतेला पुन्हा एकदा घराबाहेर काढले जाते.

त्याच नाटकाचा सातवा अंक तर या वादासाठीच लिहिला असावा असे वाटते. सीतात्यागानंतर काय घडले ते सांगणारे वाल्मीकीचे नाटक गंगेच्या काठी अप्सरा करून दाखवतात, आणि प्रेक्षकांत स्वतः राम बसलेला असतो. आपल्या हातून झालेला अन्याय तो रंगमंचावर पाहतो, शोकाने मूर्च्छित होतो, पण प्रयोग बंद करा असे म्हणत नाही. मी रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराच्या शोभायात्रेत हात जोडून उभी राहणारी बाई आहे, आणि राम मला ज्या कारणांनी थोर वाटतो त्यांत हा अंक फार वरचा आहे.

संस्कृत नाटक पंडितांचे म्हणून बाजूला ठेवले, तरी जात्यावरच्या ओव्या उरतात. ज्यांना कोणी अक्षरओळख होऊ दिली नाही त्या बायकांनी पहाटे दळताना सीतेचा सासुरवास गायला, आणि सीतेने तो देशोदेशीच्या सयांना वाटून दिला, ही कल्पनाही त्यांचीच. यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचे देऊळ आहे. त्यात राम नाही. टाकलेल्या, बाळंत झालेल्या सीतेने गावात गहू मागितले, ते कोणी दिले नाहीत, तेव्हा इथे गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, अशी कथा तिथले लोक सांगतात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. त्यांनीच लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली होती. पुराणकथा, श्रद्धा, स्त्रीचा हक्क आणि राजकारण यांची गाठ तिथे शेताच्या बांधावर पडली. ते खूळ बाहेरून आणले असे म्हणण्याची हिंमत रावेरीत उभे राहून कोणी करून पाहावी.

राहिला राजकारणाचा मुद्दा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीत भारतमाता दिसली, आणि इंग्रज सरकारलाही ती दिसल्यामुळे 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. त्या वेळी पुराणकथेत राजकारण घुसडले म्हणून आपल्यापैकी कोणी दुखावले नव्हते, उलट त्याचा आपण आजही अभिमान सांगतो. पण त्या द्रौपदीची विटंबना ही देशाच्या विटंबनेची खूण होती, तिचे स्वतःचे दुःख त्या खुणेखाली झाकले गेले होते. आपल्या शहरातली मारबत, म्हणजे मिरवणुकीने काढला जाणारा बाईचा पुतळा, पाहा. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. तिच्यात कोणी पूतना पाहतात, काळीत कोणी इंग्रजांशी हातमिळवणी केली असे ज्यांच्याविषयी सांगितले जाते त्या बाकाबाई भोसले पाहतात, आणि सोबतच्या बडगे नावाच्या पुतळ्यांवर पुढाऱ्यांची यथेच्छ टिंगल होते. हा उत्सव मला प्रिय आहे. तरीही सगळी ईडा पीडा गावाबाहेर नेऊन जाळायला आपण मुख्य पुतळा बाईचाच करतो, हे एखाद्या तरुण मुलीच्या लक्षात आले आणि तिने त्यावर नाटक लिहिले, तर त्यात अधर्म कुठला? स्त्री खूण म्हणून, पुतळा म्हणून, देवी म्हणून उभी असते तोवर कोणाच्या भावना दुखावत नाहीत; ती स्वतःविषयी बोलू लागली की दुखावतात.

आणि ‘लोक’ म्हणताना या शहराने तरी जपून बोलावे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांसोबत इथे लाखो लोकांनी जी दीक्षा घेतली, तिच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही ही प्रतिज्ञाही आहे. त्यांची नातवंडेही त्याच सभागृहात तिकीट काढून बसतात.

एकांकिका निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. पहिल्या तालमीत सीतेचे शेवटचे भाषण परिसंवादात वाचलेल्या निबंधासारखे वाटले, आणि राम इतका दुबळा रंगवला होता की त्याला विचारलेल्या प्रश्नाला धार येत नव्हती. भवभूतीचा राम तळमळतो, म्हणून वासंतीचे शब्द लागतात. हे मी लिहिणाऱ्या मुलीला सांगितले. दुसऱ्या तालमीपर्यंत तिने भाषण निम्म्यावर आणले होते आणि रामाला एक पूर्ण प्रवेश दिला होता. नाटक असे सुधारते, बोलून आणि पाहून. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातला प्रयोग बंद पाडून प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना अटक झाली, आणि त्याच वर्षी मुंबईच्या आयआयटीत रामायणावर आधारलेल्या नाटकासाठी विद्यार्थ्यांना 1 लाख 20 हजार रुपयांपर्यंत दंड झाला. त्यामुळे ती नाटके चांगली होती की वाईट, याची चर्चा झालीच नाही.

महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. ही पूर्वतपासणी असावी का, यावरही मतभेद आहेत, परंतु या मुलांनी ती मंजुरी घेतली होती. एवढे केल्यावर तोंडी कारण देऊन दार बंद होणार असेल, तर सभागृहांनी आरक्षण नाकारताना कारण लेखी द्यावे आणि आक्षेप घेणाऱ्याचे नावही त्यात असावे, ही माझी मागणी आहे. ज्या वाचकांनी ते पत्र लिहिले त्यांनी प्रयोग पाहिलेला नाही, कारण तो झालेलाच नाही. मुले आता महाविद्यालयाच्या आवारातच मांडव घालून तो करण्याच्या तयारीत आहेत. तारीख ठरली की मी ती आपल्याला कळवीन, आपण ती छापावी आणि आपला नाट्यसमीक्षकही पाठवावा. त्या वाचकांसाठी माझ्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर